तिथीची पाऊणपट

वनस्पतिशास्त्राच्या सहलीचा अहवाल लिहायची एक ठरलेली रीत आहे. पहिल्या पानावर ऋणनिर्देश. त्यात प्राचार्य येतात, विभागप्रमुख येतात, संस्थेचे अध्यक्ष येतात (ते सहलीला आलेले नसतात), वनखात्याचे अधिकारी येतात, उतरायला जागा देणाऱ्या शाळेचे मुख्याध्यापक येतात आणि सरतेशेवटी 'ज्ञात-अज्ञात सर्व' येतात. या शेवटच्या शब्दांत फार माणसं कोंबलेली असतात. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी आमच्या वर्गाच्या मालवण सहलीचा अहवाल माझ्या अक्षरात लिहिला गेला. मजकूर मागल्या वर्षीच्या वहीवरून उतरवायचा असल्यामुळे त्यातही ज्ञात-अज्ञात होतेच. पुढं मी स्वतः महाविद्यालयात शिकवायला लागले, दरवर्षी मुलांना घेऊन समुद्रावर जात राहिले आणि यथावकाश निवृत्त झाले. समुद्राविषयी मी वर्गात जे शिकवलं त्यातलं पुस्तकातलं किती आणि त्या अज्ञातांपैकी तिघांचं किती, असा हिशोब मांडायला बसलं की पुस्तकांची बाजू हलकी पडते.

ते तिघे म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतले मामा, मालवणच्या दांडी किनाऱ्यावरचे एक तांडेल आणि त्या तांडेलांची आई. नावं देत नाही. मामांना ते आवडलं नसतं, आणि तांडेलांच्या घरी मी विचारलेलं नाही.

आमचं गाव सांगोला तालुक्यात. माणदेशातला दुष्काळी पट्टा. पाणी म्हणजे टँकर, नाहीतर माण नदीचं बहुतेक वर्षभर कोरडं असलेलं पात्र. समुद्र मी नकाशात निळ्या खडूने रंगवला होता, तेवढाच. त्यामुळे सहलीचं पत्रक घरी नेलं तेव्हा आबांनी पहिला प्रश्न विचारला तो अगदी रास्त होता. "शेवाळ बघायला येवढ्या लांब? आपल्या हौदात काय कमी हाय?"

तीन-चार दिवसांनी मामा सायकलवरून घरी आले. पांढरी टोपी, गळ्यात तुळशीची माळ, हँडलला पिशवी. हुद्द्याने ते प्रयोगशाळा परिचर. शिक्षण सातवी. पंढरपूरची वारी न चुकवणारा माणूस, आणि तेवढ्याच नेमाने दरवर्षी विभागाच्या सहलीबरोबर समुद्रावर जाणारा. आबांनी त्यांनाही हौदाचंच विचारलं. मामा म्हणाले, "आबा, तुमच्या हौदातलं परीक्षेला येत न्हाई." मग चहा झाला, डाळिंबाच्या बागेवर बोलणं झालं, आणि निघताना त्यांनी एवढंच सांगितलं, "पाण्यात जाताना मी म्होरं, येताना मी मागं. पोरी मधी." आबांना बहुधा हीच भाषा कळली. मुलींच्या शिक्षणाचं महत्त्व वगैरे कुणी बोललं असतं तर ते ऐकून घेतलं असतं आणि मला पाठवलं नसतं.

वर्गणीचा प्रश्न राहिला होता. तोही मामांनीच सोडवला. नमुने दाबायच्या लाकडी फळ्या आणि कागदांचे गठ्ठे सांभाळणाऱ्या विद्यार्थ्याला निम्मी वर्गणी, असा नियम आहे म्हणाले. मी ते गठ्ठे इमानाने सांभाळले. पुढं माझ्यावर सहलीचे हिशोब लिहायची वेळ आली तेव्हा जुन्या वह्या चाळल्या, तर असा नियम कुठल्याच साली नव्हता. मामांना विचारलं. ते बरण्या पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "त्या साली फॉर्मलिन कमी नेलं आपण." याच्या पुढं त्यांनी काही सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही.

कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट, कणकवली, कसाल करत लाल गाडी रात्री मालवणात पोचली. कोकण रेल्वे अजून यायची होती. घाटात बहुतेकांना उलट्या झाल्या, तेव्हा प्रवासाविषयी एवढंच पुरे.

सहलीचे प्रमुख असलेले सर त्या वर्षी नवे होते. त्यांनी कागदावर लिहून आणलं होतं : सकाळी 8 ला नाश्ता, 10 ला खडकाळ किनारा, 1 ला जेवण. मामांनी तो कागद वाचला, घडी घालून परत दिला आणि बाहेर गेले. तासाभराने येऊन म्हणाले, "सर, होडीवाला सकाळी लौकरच मोकळा हाय म्हणतो. सहाला निघूया का?" सरांनी बरं म्हटलं. चारचौघांत सर चुकले असं कुणाला वाटलंसुद्धा नाही. खरा मामला मला दुसऱ्या दिवशी कळला. मामांनी मला शाळेच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेपाशी उभं केलं आणि विचारलं, आज तिथी कोणती? द्वितीया. दोनाचे पाऊणपट किती? दीड. "मग दीडला पाणी पुरं वर. त्याच्या आधी सहा-सव्वासहा तास मोज."

सव्वासात. सव्वासाताच्या सुमाराला पाणी तळाला जाणार आणि खडक उघडे पडणार. दहाला गेलो असतो तर निम्मं पाणी परत चढलेलं असतं, आणि जे बघायला आलो ते सगळं पाण्याखाली. या आडाख्याच्या मागचं शास्त्र मी पुढं वर्गात फळ्यावर आकृत्या काढून शिकवलं. चंद्र रोज साधारण 50 मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, म्हणून भरतीही तेवढी रोज पुढं सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत असल्यामुळे उधाण येतं, आणि अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, म्हणजे चढही कमी नि उतारही कमी. सगळं खरं. पण घड्याळात न बघता, नुसती तिथी विचारून, बोटांवर वेळ सांगता येते ही गोष्ट मला समुद्रापासून कितीतरी लांब राहणाऱ्या एका वारकऱ्याने शिकवली. त्यांना तिथी पाठ असायची ती एकादशीपायी. समुद्रासाठी त्यांनी ती तांडेलांकडून पाऊणपट करून घेतली होती.

पहाटे सहाला आम्ही निघालो. तांडेल दांडीवर होडीपाशी उभे होते. चाळिशीचे असतील. मामांना बघून "इलास?" एवढंच म्हणाले, जणू मामा बाजारातून परत आले होते. आम्हा पोरांना त्यांनी होडीत चढायच्या आधी सांगितलं, "दर्याक पाठ करूची नाय. काय उचलूचा आसात ता तोंड दर्याकडे ठेवन." खडकावर वाकून नमुने गोळा करताना लाट मागून येते आणि माणूस गुडघे फोडून घेतो, कधी आणखी वाईट होतं. सूचनांच्या छापील कागदात ही सूचना नव्हती. माझ्या प्रत्येक तुकडीच्या कागदात ती पहिली असायची.

सिंधुदुर्ग किल्ला समोर होता. 1664 ते 1667 या काळात कुरटे बेटावर बांधलेला. त्याच्या आणि पद्मगडाच्या भोवतीचं पाणी 1987 साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं : एकूण 29.12 चौरस किलोमीटर, त्यातला 3.18 चौरस किलोमीटरचा गाभा. सरांनी आधीच बजावलं होतं की त्या बाजूला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. नमुने घ्यायचे ते किनाऱ्यालगतच्या, हद्दीबाहेरच्या खडकांवरून. बघण्यासाठी मामांनी एक यंत्र केलं होतं. डालड्याच्या मोठ्या डब्याचा तळ कापून तिथे काच बसवलेली आणि कडेनं डांबर लावलेलं. तो डबा होडीच्या काठावरून पाण्यात टेकवला की वरची चकाकी जाते आणि तळ लख्ख दिसतो. माझ्या आयुष्यातलं पहिलं प्रवाळ मी डालड्याच्या डब्यातून पाहिलं. गोलसर, मेंदूसारख्या वळ्या असलेलं, काहीसं पिवळट तपकिरी. जिवंत. मधून एक चट्ट्यापट्ट्याचा मासा गेला. मागून रांग लागली होती म्हणून डबा सोडावा लागला.

किल्ल्यावरही गेलो. सगळे महाराजांच्या हातापायांचे ठसे बघायला गर्दी करत होते, तेव्हा मामा साखर विहिरीत वाकून बघत होते. समुद्राने चारी बाजूंनी वेढलेल्या खडकावर दूध विहीर, दही विहीर, साखर विहीर अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी, याचं नवल सगळ्यांनाच वाटतं. मामांनी मात्र तिथल्या माणसाला विचारलं, "उन्हाळ्यात आटती का?" नाही म्हटल्यावर त्यांनी टोपी काढली आणि परत घातली.

खडकाळ किनारा हा खरा अभ्यास. एक चौकट घ्यायची (आमची मामांनी जुन्या खिडकीच्या पट्ट्यांपासून ठोकलेली होती), ती वरून खाली ठरावीक अंतरावर टाकत यायची आणि प्रत्येक चौकटीत काय काय आहे ते लिहायचं. अगदी वर, जिथे लाटेचे तुषारच काय ते पोचतात, तिथे खडकाच्या भेगांत मिरीएवढ्या शंखांच्या गोगलगाई. त्याखाली बार्नेकल, पांढरे, धारदार, पाय कापणारे. मग कालवांचा पट्टा. त्याखाली हिरवीगार अल्वा, पातळ कागदासारखी. मग पंख्याच्या आकाराची पदिना आणि सर्वांत खाली, पाणी पुरतं उतरलं तरच दिसणारं, सारगॅसमचं दाट तपकिरी रान. त्याच्या फांद्यांना हवेचे मणी असतात, ते त्याला पाण्यात उभं धरतात. मामा ही सगळी नावं स्वतःच्या पद्धतीने उच्चारत. ते "पदीना" म्हणाले आणि मागच्या रांगेतल्या दोघांनी वहीत 'पुदिना' लिहिलं. सरांनी अहवाल तपासताना त्याच्यावर लाल शाई फासली. मला वाटतं त्या दोघांना ती वनस्पती अजून आठवत असेल.

हे पट्टे असे का, हे पुस्तकात होतं, पण पुस्तकात ते कोरडं पडणं आणि स्पर्धा या दोन शब्दांत उरकलं होतं. तांडेलांची आई खडकावर उकिडवी बसून कालवं काढत होती. एका हातात लोखंडी टोचा, शेजारी पत्र्याचा डबा, लुगडं वर खोचलेलं. मी चौकट टाकायला तिच्याजवळ पोचले, तर तिने माझ्या वहीकडे बघितलं आणि विचारलं काय मोजतेस. कालवं, म्हटलं. "वयली बारीक, सकयली मोठी," ती म्हणाली. "सकयल्यांका पाणी जास्त वेळ. जेवक मेळता."

कालव पाणी गाळून खातं. पाण्याखाली जितका वेळ, तितकं खाणं. वरच्या पट्ट्यातलं कालव दिवसातले किती तास तोंड मिटून उपाशी बसतं, ते तिथी सांगते. तिचं एक वाक्य मी मापून पाहिलं. वरच्या चौकटीतली आणि खालच्या चौकटीतली दहा दहा कालवं पट्टीने मोजली. तिचं बरोबर होतं. अर्थातच होतं, ती लहानपणापासून तेच खाऊन, विकून जगलेली. माझ्या अहवालातला तेवढा एकच तक्ता सरांनी वर्गात वाचून दाखवला. पुढं एम.एस्सी.ला मी समुद्री शेवाळ घेतलं, त्याचं मूळ त्या तक्त्यात आहे.

तिने आणखी एक केलं. मी खालच्या पट्ट्यात एक धोंडा उलटला, त्याच्या खालून खेकडे पळाले, आम्ही चार जणी ओरडलो, नोंदी केल्या आणि पुढं निघालो. म्हातारी तिच्या जागेवरून उठली, सावकाश आली आणि तो धोंडा होता तसा उलटा करून बसवला. "उलथिलंस ता परत तसोच ठेव गो चेडवा. तेच्या पोटाक लागलेली पिल्लां उन्हान मरतली." रागावली नव्हती. परत जाऊन टोचा हातात घेतला. धोंड्याच्या खालच्या बाजूला स्पंज, अंडी, लहान शिंपले असं एक अख्खं गाव चिकटलेलं असतं, हे मी नंतर वाचलं. नमुन्यांची बरणी घेऊन फिरणाऱ्या आम्हा शहाण्यांना ते माहीत असायला हवं होतं असं कुणाला वाटेल, पण त्या काळातल्या प्रात्यक्षिकाच्या पुस्तकांत गोळा कसं करायचं तेवढंच असायचं. परत कसं ठेवायचं ते नसायचं.

संध्याकाळी शाळेच्या वर्गात मामांचा तास. याला वेळापत्रकात जागा नव्हती. पसरट ताटात समुद्राचंच पाणी घ्यायचं, गोडं नाही, गोड्या पाण्यात शेवाळाचा रंग सुटतो. त्यात जाड कागद सरकवायचा, वर शेवाळाचा तुकडा तरंगता सोडायचा आणि सुईने एकेक फांदी मोकळी करायची. मग कागद एका कडेने अलगद उचलायचा, पाणी निथळू द्यायचं. वर जुन्या धोतराचा मऊ तुकडा, त्यावर टीपकागद, त्यावर वर्तमानपत्र, आणि सगळ्याला फळ्यांत घालून दाबायचं. रोज टीपकागद बदलायचे. डिंक लावावा लागत नाही, शेवाळाच्या अंगच्या चिकट रसाने ते स्वतःच कागदाला चिकटतं. मामांची बोटं जाडजूड, पण सुई हातात आली की बोलणं बंद. सारगॅसम ते लावत नसत, "ह्ये आडदांड, तुम्हीच लावा" म्हणत. त्यांना तांबडी, केसासारखी बारीक जात आवडायची. आमच्या विभागाच्या कपाटात ते कागद अजून आहेत. रंग उतरलेत, फांद्या शाबूत आहेत. प्रत्येकाच्या कोपऱ्यात संग्राहक म्हणून त्या त्या वर्षीच्या प्राध्यापकांचं नाव आहे. पुढं त्याच कपाटाची किल्ली माझ्याकडे आल्यावर मी नव्या चिठ्ठ्यांवर दोन रकाने छापून घेतले : संग्राहक आणि मांडणी. मामांनी मांडणीच्या रकान्यात काय लिहावं? 'विभाग' लिहायला लावलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर रापण लागली होती. रापण म्हणजे साऱ्यांच्या मालकीचं मोठं जाळं. होडीने समुद्रात अर्धवर्तुळ टाकून यायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे. जो दोराला हात लावील त्याचा वाटा. आम्ही मुलं-मुली मजा म्हणून ओढायला लागलो. तळहात सोलले. तासाभराने जाळं वर आलं, बांगडे, तारले, मधूनच एखादा म्हाकूल. वाटे पडायला लागले तेव्हा आम्ही बाजूला झालो. तांडेलांनी हाक मारली. "खंय चल्लास? ओढलास ना? वाटो घेवन जावा." सर संकोचले, पैसे विचारले. तांडेल ऐकूनच घेईनात. शेवटी माळकरी मामा पुढं झाले. आयुष्यात मासा तोंडात न घातलेल्या त्या माणसाने बांगड्यांची टोपली दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि शाळेच्या स्वयंपाकघरात आणून ठेवली. स्वतः भाकरी-ठेचा खाल्ला. बरोबरच्या एकाने थट्टा केली की मामा, प्रसाद तरी घ्या. मामा म्हणाले, "घेतला की. खायचा तेवढा न्हाई."

त्याच रात्री तांडेल शाळेत आले. खिशात घडी घातलेला कागद होता. अभयारण्याविषयीचा सरकारी मजकूर, त्याची कुणीतरी काढून दिलेली प्रत. तुम्ही शिकलेली माणसं, म्हणाले, एवढं वाचून सांगा, उद्या मला किल्ल्याच्या अंगाला जाळं टाकता येईल की नाही. सरांनी वाचलं. कुठून कुठवर हद्द आहे ते समजत होतं, तांडेलांच्या जाळ्याचं काय होणार ते समजत नव्हतं. सर प्रामाणिकपणे म्हणाले, आम्ही शेवाळाची माणसं, कायद्याचं आम्हाला ठाऊक नाही. तांडेल जरा वेळ बसले. मग त्यांनी बोटाने जमिनीवर किल्ला काढला, पद्मगड काढला, धोंडे काढले, ते कुठं जाळं टाकतात, बाप कुठं टाकायचा ते दाखवलं. "ही रेघ पाण्यार कशी मारतत, ती माका दाखवा." मामा जमिनीवरच्या त्या नकाशाकडे बघत होते. ते म्हणाले, "आमच्याकडं बी तलावाचं असंच झालं," आणि थांबले. आम्ही पोरं गप्प बसलो होतो. सकाळी त्यांच्या वाट्याचे मासे खाल्ले होते.

मालवणच्या मच्छीमारांचा अभयारण्याला विरोध झाला, बराच काळ टिकला, हे वर्तमानपत्रात येऊन गेलेलं आहे. तो विरोध अडाणीपणाचा होता असं म्हणणारे शहरातले निसर्गप्रेमी मला पुढं पुष्कळ भेटले. त्यांच्याशी मी भांडत आले, आणि त्या भांडणाचं भांडवल त्या रात्रीचं आहे. तांडेलांना प्रवाळ नको होतं असं नाही. मासा कुठं वाढतो हे त्यांना आमच्याहून जास्त कळत होतं. त्यांचा राग तळ खरवडून नेणाऱ्या ट्रॉलरवर होता आणि रापणवाल्यालाही त्याच मापात मोजणाऱ्या कागदावर होता.

नोकरी लागल्यावर काही वर्षांनी एका वकील मैत्रिणीकडून मी वन्यजीव संरक्षण कायद्याची प्रत मिळवली. मूळ कायदा 1972 चा. 1991 च्या दुरुस्तीने त्यात 26-अ हे कलम घातलं. त्यात असं म्हटलंय की अभयारण्यात समुद्राचा भाग घ्यायचा असेल तर त्याची हद्द नौदलाच्या मुख्य जलसर्वेक्षण अधिकाऱ्याशी विचारविनिमय करून आणि स्थानिक मच्छीमारांच्या धंद्याचं हित जपण्याची पुरेशी तजवीज केल्यानंतर ठरवावी. मालवणची घोषणा त्याच्या चार वर्षं आधीची. तरी मला तो कागद म्हणजे तांडेलांच्या प्रश्नाचं उत्तर वाटलं. झेरॉक्स काढली, त्या वर्षीच्या सहलीत बरोबर नेली, संध्याकाळी त्यांच्या पडवीत बसून वाचून दाखवली. वाक्याचा मराठी अर्थ लावून सांगितला. तांडेलांनी नीट ऐकलं. पोराला ऐकायला बोलावलं. मग विचारलं, "पुरेशी म्हंजे कितकी?"

मी कायद्यात शोधलं. तिथे व्याख्या नव्हती.

"असांदे," ते म्हणाले. "कागद हयसर ठेवन जा." त्यांनी तो दिनदर्शिकेच्या मागे खोचून ठेवला. वर्षाच्या शेवटी दिनदर्शिका बदलली तरी कागद नव्या दिनदर्शिकेमागे जायचा, हे मी पुढच्या फेऱ्यांत पाहिलं.

2001 मध्ये प्रवाळ, समुद्रकाकडी यांना कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं, म्हणजे वाघाच्या पंक्तीला बसवलं. आमचं गोळा करणं त्याच्या आधीपासूनच कमी झालं होतं, आता बरण्या न्यायचं सोडूनच दिलं. शेवाळाचे नमुने कपाटात पुष्कळ होते, मुलांनी त्यांवर शिकावं आणि किनाऱ्यावर फक्त चौकट टाकून मोजावं, असं ठरवलं. मामा तेव्हा निवृत्तीला आले होते. "फॉर्मलिन न्यायचं न्हाई म्हंजे माझं निम्मं वझं गेलं," म्हणाले. नंतर आलं ते पर्यटन. पाण्याखाली मुखवटा लावून उतरवणाऱ्या होड्या किल्ल्याच्या बाजूला वाढल्या, तांडेलांचा पोरगाही त्यातच गेला. तो चांगला धंदा करतो आणि चांगली काळजी घेतो, पण सगळे घेत नाहीत. फोटोसाठी प्रवाळावर उभ्या राहिलेल्या पाहुण्यांकडे बोट दाखवून तांडेल मला एकदा म्हणाले, आमच्या जाळ्याला कायदा आणि ह्यांच्या पायांना पावती. 2012 साली राज्यात कांदळवन कक्ष सुरू झाला, सिंधुदुर्गात किनाऱ्यासाठी मोठा प्रकल्प आला, लहान मासळी सुटून जावी म्हणून चौकोनी आसाची जाळी वापरून पाहिली गेली, वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बायका स्वतः होड्या वल्हवत कांदळवन दाखवू लागल्या. मुलांना मी तिथंही नेलं. ज्या किनाऱ्यावर गावकऱ्याला आधी विचारलं गेलं तिथलं कांदळवन आणि जिथं आधी फलक लागला तिथलं, यांतला फरक त्यांना मी सांगण्याची गरज पडली नाही.

तांडेलांची आई त्याआधीच गेली. ती गेल्याचं मला सहलीलाच कळलं, पडवीतला टोचा आणि डबा बघून विचारल्यावर. सुनेने तो डबा कालवांसाठीच वापरात ठेवला होता.

निवृत्तीनंतर मामा एकदा आमच्याबरोबर आले. नातवाने नको म्हटलं होतं, गुडघे दुखत होते, तरी आले. महाविद्यालयाने सुट्ट्यांप्रमाणे दिलेल्या तारखा भांगाच्या पाण्याच्या होत्या, त्यामुळे सारगॅसम दिसायची आशा नव्हती. तांडेल आता सत्तरीला टेकलेले. दोघं म्हातारे पडवीत समोरासमोर बसले आणि किनाऱ्यावर किती वाजता उतरायचं यावरून जुंपली. मामांची त्या दिवशी एकादशी होती. स्मार्त काल, भागवत आज, वारकऱ्याने आजची धरायची, म्हणून ते चहावर होते. अकराचे पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे पाणी तळाला अडीचच्या सुमाराला. तांडेल म्हणाले, तुमची एकादशी तुमच्या विठोबाक सांगा, सूर्य उगवताना द्वादशी लागली होती, म्हणजे पाणी द्वादशीचं, भरती नवाला, सुकती सव्वातीनला. मामांनी पंचांग मागितलं. तांडेलांनी दिनदर्शिका काढून दिली, तिच्यामागून झेरॉक्सचा तो पिवळा पडलेला कागद खाली पडला, तो पोराने उचलून परत खोचला. मामा चष्मा कपाळावर चढवून तिथीच्या पुढचे बारीक आकडे वाचायला लागले. माझ्या मुलांनी मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक काढलं होतं, पण ते दाखवायला पुढं कुणी होईना. अखेर मी दोनला निघायचं ठरवून टाकलं. दोघांच्या हिशोबात फरक होता तो पाऊण तासाचा.